लहान कारखान्याने कॉलेज किंवा प्रयोगशाळेबरोबर नवं काम कसं उभं करावं : आठ टप्पे, याच क्रमाने

बहुतेक ठिकाणी हे काम उलट्या टोकाने सुरू होतं. असोसिएशनच्या कार्यक्रमात कॉलेजचे प्राचार्य भेटतात, पंधरवड्यात सामंजस्य करार होतो, शाल-श्रीफळ आणि फोटो होतात. मग मालक फोरमनला विचारतो, ‘आता यांना काम काय द्यायचं?’ फोरमन एखादी जुनी तक्रार काढून देतो. ती शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला जाते, मे महिन्यात मुलं निघून जातात आणि कपाटात स्पायरल बाइंडिंगचा एक रिपोर्ट उरतो. मालक म्हणतो, कॉलेजवाल्यांना शॉपफ्लोअर कळत नाही. प्राध्यापक म्हणतात, उद्योजकांना संशोधनाची कदर नाही. दोघांचीही मेहनत खरी असते. क्रम चुकलेला असतो.

खालचा क्रम वीस ते शंभर माणसांच्या कारखान्यासाठी आहे. सलग उदाहरण म्हणून कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत असते तशी एक फाउंड्री (धातू वितळवून साच्यात ओतणारा कारखाना) धरली आहे. तिचे आकडे समजण्यापुरते आहेत. अन्नप्रक्रिया, रसायन, प्लॅस्टिक किंवा सॉफ्टवेअरच्या धंद्यात तपशील बदलतील, टप्प्यांची रांग तीच राहील.

टप्पा 1 : अडचण एका पानावर, आकड्यांत

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढचे निम्मे घोटाळे या एका पानाच्या अभावी होतात.

‘रिजेक्शन फार आहे’ ही अडचण झाली नाही, ती तक्रार झाली. बाहेरच्या माणसाला उपयोगी पडेल अशी अडचण अशी लिहिली जाते : अमुक पंप हाउसिंगच्या कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) वरच्या फ्लँजजवळ (जोडाच्या कडेजवळ) ब्लो होल, म्हणजे अडकलेल्या वायूने पडलेल्या पोकळ्या, येतात. महिन्याच्या 100 टन ओतकामात 8 टन माल त्यामुळे बाद होतो. दुसऱ्या शिफ्टमध्ये प्रमाण जास्त, जुलै ते सप्टेंबर आणखी जास्त. निम्मे दोष फेटलिंगनंतर (कास्टिंगच्या साफसफाईनंतर) दिसतात, बाकीचे मशीनिंग झाल्यावर.

हे लिहिण्यासाठी निदान तीन महिन्यांच्या नोंदी हव्यात : हीट नंबर (भट्टीच्या एका घाण्याचा क्रमांक), शिफ्ट, वाळूचा ओलावा, ओतताना धातूचं तापमान, कोअर (पोकळ भागासाठी साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) कधी बनला आणि कधी वापरला, दोष नेमका कुठे. नोंदी नसतील तर पहिलं काम तेच. वही पुरेशी आहे, सॉफ्टवेअर विकत घ्यायला धावू नका. दोषाची जागा दाखवायला कास्टिंगच्या चित्राची झेरॉक्स घ्या आणि प्रत्येक बाद नगामागे तिच्यावर लाल ठिपका मारायला सांगा. महिन्याभरात ठिपक्यांचा गठ्ठा एका जागी दिसायला लागतो, आणि पुष्कळदा तिथेच अर्धं उत्तर मिळतं.

मग पैसे मांडा. ‘बाद माल परत वितळतो, त्यामुळे नुकसान कमी’ हा फाउंड्रीतला नेहमीचा गैरसमज. धातू परत मिळतो, बाकी काही मिळत नाही. इंडक्शन भट्टीत टनाला साधारण 600 युनिट वीज लागते. 8 टनांचे झाले 4,800 युनिट, आणि ही फक्त वितळवण्याची वीज. तिला तुमच्या वीजदराने गुणा. वर वाळू, बाइंडर (वाळू बांधून ठेवणारा पदार्थ), कोअर, मजुरी, वितळताना होणारी घट, आणि बाद माल ओतण्यात गेलेली भट्टीची क्षमता धरा. मशीनिंगनंतर सापडलेल्या दोषाचा हिशेब वेगळा ठेवा, कारण त्यात टूल आणि मशीनचे तासही गेलेले असतात.

शेवटची ओळ उद्दिष्टाची : ‘8 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर, तीन महिने सलग, पावसाळा धरून.’ ‘सुधारणा करणे’ असं लिहिलंत तर शेवटी भांडण ठरलेलं.

तपासा : हे पान तुमच्या धंद्याबाहेरच्या, पण यंत्रं कळणाऱ्या माणसाला द्या. अडचण काय आहे आणि ती सुटली हे कसं कळणार, एवढं त्याला सांगता आलं पाहिजे. येत नसेल तर पान परत लिहा.

टप्पा 2 : घरातले उपाय आधी संपवा

बाहेरच्या तज्ज्ञाला हजारो रुपये देऊन ‘वाळू नीट सुकवा’ हे ऐकण्यात अर्थ नाही. ब्लो होलची नेहमीची कारणं प्रत्येक फोरमनला पाठ असतात : वाळूत ओलावा जास्त, वाळूतून वायू बाहेर जायला वाट कमी, कोअर कच्चा किंवा फार दिवस पडलेला, व्हेंट (वायू जाण्याची भोकं) बुजलेले, धातू थंड. ही यादी भिंतीवर लावा आणि प्रत्येक कारण तुमच्या नोंदींवर घासून पाहा. कुठलं कारण निघालं, कुठलं नाही, हे पहिल्या पानामागे लिहा. पुढे जो कोणी काम करेल त्याचे दोन महिने वाचतात.

याच टप्प्यात मोल्डर (साचा भरणारा), भट्टीवाला, कोअर बनवणाऱ्या बायका यांना विचारा. सभा घेऊन नको, कामाच्या जागी. सभेत फोरमनसमोर कोणी बोलत नाही. प्रश्नही ‘काय सुधारणा करता येईल?’ असा नको. ‘कुठल्या दिवशी माल खराब जाणार हे तुम्हाला आधीच कळतं?’ असं विचारा. याचं उत्तर जवळपास प्रत्येकाकडे असतं.

ज्याने सांगितलं त्याचं नाव नोंदवहीत लिहा आणि त्याच्या सूचनेचं काय झालं हे त्याला आठवड्याभरात सांगा, नकार असला तरी. सूचनापेटी लावून तिची किल्ली हरवलेले कारखाने पुष्कळ आहेत.

थांबा : इथेच रिजेक्शन निम्म्यावर आलं तर पुढे जाऊ नका. बाहेरच्यांबरोबर काम करणं हे काही बक्षीस नव्हे, तो खर्च आहे.

टप्पा 3 : कोणाकडे काय मागायचं

दार चुकलं की काम लांबतं. चाचणी हवी असताना लोक संशोधन मागतात, आणि संशोधन हवं असताना विद्यार्थी प्रोजेक्ट.

नुसती चाचणी हवी असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली प्रयोगशाळा गाठा. मात्र ही मान्यता प्रयोगशाळेला सरसकट नसते, चाचणीगणिक असते. तुम्हाला हवी ती चाचणी त्यांच्या मान्यतेच्या यादीत आहे का, हे आधी पाहा. वाहनांच्या सुट्या भागांसाठी पुण्याची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे.

कारण शोधायचं असेल, म्हणजे दोष दिसतो पण का ते कळत नाही, तर विषयाचा प्राध्यापक सल्लागार म्हणून घ्या. धातुशास्त्रासाठी पुण्याचं सीओईपी (अभियांत्रिकी विद्यापीठ), रसायन, रंग आणि अन्नप्रक्रियेसाठी माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था), पॉलिमर आणि उत्प्रेरकांसाठी पुण्यात पाषाणची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), अन्नप्रक्रियेच्या तयार तंत्रासाठी म्हैसूरची सीएफटीआरआय (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था). बेदाण्याचं काम असेल तर पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. संस्था मोठी असण्यापेक्षा तुमच्या नेमक्या अडचणीवर काम केलेला माणूस तिथे असणं महत्त्वाचं. तो दुय्यम मानल्या गेलेल्या कॉलेजातही सापडतो.

माल पुरवणाऱ्याला विसरू नका. वाळू बांधायचं बेंटोनाइट किंवा रेझिन विकणाऱ्या कंपनीचा तांत्रिक माणूस बहुधा फुकट येतो आणि त्याने डझनभर फाउंड्र्या पाहिलेल्या असतात. त्याचं उत्तर त्याच्याच मालाकडे झुकणार, एवढं गृहीत धरून ऐका.

विद्यार्थी प्रोजेक्ट कशाला द्यावा? मोजमाप, नोंदींची मांडणी, छोटं फिक्स्चर (नग धरून ठेवणारी चौकट), लेआउटची आखणी, अशा गोष्टींना. ज्यावर तुमची डिलिव्हरी अवलंबून आहे असं काम कधीच देऊ नका. प्रोजेक्टचे विषय जुलै-ऑगस्टमध्ये ठरतात, मधे परीक्षा येतात, एप्रिलमध्ये मुलं रिपोर्ट लिहायला बसतात. हातात खरे चार-साडेचार महिने उरतात. हे वेळापत्रक तुमच्यासाठी बदलणार नाही.

शेजारच्या कारखान्याबरोबरही काम करता येतं. एकट्याला न परवडणारं उपकरण चार जणांनी मिळून घ्यावं, चाचणीची सोय सामायिक असावी, एखाद्या तज्ज्ञाला महिन्यातून दोन दिवस मिळून बोलवावं. मात्र त्या बैठकीत विक्रीचे भाव आणि टेंडरचे आकडे काढू नका. प्रतिस्पर्ध्यांनी मिळून भाव ठरवणं हा स्पर्धा कायदा 2002 खाली फार महाग पडू शकणारा मामला आहे. चहा पिता पिता झालेली बोलणीही त्यात येतात.

टप्पा 4 : तोंड उघडण्याआधीचे कागद

इथे लोक दोन टोकांना जातात. काही जण पहिल्याच फोनवर सगळी रेसिपी सांगून टाकतात. काही जण ‘आधी एनडीए’ (गोपनीयता करार) म्हणून इतके अडतात की समोरचा कंटाळतो. मधला रस्ता असा आहे.

पहिल्या भेटीत फक्त टप्पा 1 चं पान, तेही ग्राहकाचं नाव आणि पार्ट नंबर काढून. एवढ्यावर समोरच्याला हे काम जमेल का हे कळतं. जमणार असं दिसलं की दुसऱ्या भेटीआधी गोपनीयता करार. त्यात काय गोपनीय आहे ते मोघम लिहू नका, यादी जोडा. करार संस्थेशी असावा आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी वेगळी सही करावी, विद्यार्थी असतील तर त्यांनीही.

विद्यार्थ्यांचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण गळती तिथूनच होते. प्रोजेक्ट रिपोर्ट ग्रंथालयात जातो, तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात, स्पर्धेत पोस्टर लागतं. कोणाचाही वाईट हेतू नसताना तुमची पद्धत जाहीर होते. रिपोर्टमध्ये काय छापायचं नाही हे विषय ठरवतानाच लिहून घ्या.

ग्राहकाचं ड्रॉइंग तुमचं नसतं. ते कॉलेजला देण्याआधी ग्राहकाबरोबरचा करार वाचा. बहुतेक करारांत तशी बंदी असते.

आता पेटंट. नवी रचना किंवा नवं उत्पादन तुमच्या हातात असेल तर ते कोणालाही दाखवण्याआधी तात्पुरता अर्ज दाखल करा. प्रदर्शनात मांडलं, यूट्यूबवर टाकलं, ग्राहकाला विकलं, की नवेपणा जातो. नंतर धावून उपयोग होत नाही. अर्ज ऑनलाइन होतो. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्था यांना सवलतीचं शुल्क आहे. तात्पुरत्या अर्जानंतर 12 महिन्यांत संपूर्ण तपशिलाचा अर्ज द्यावा लागतो, नाही तर तो सोडून दिला असं धरतात. ही तारीख दोन जणांच्या कॅलेंडरमध्ये टाका. मिळालेलं पेटंट अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं टिकतं, नूतनीकरणाचं शुल्क भरत राहिलात तर.

प्रत्येक गोष्टीचं पेटंट घ्यायला मात्र जाऊ नका. अर्ज 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, म्हणजे सगळी पद्धत जगासमोर येते. वाळूचं मिश्रण, तापमानाचे टप्पे, कोअर किती तास ठेवायचा, अशा चार भिंतींच्या आतल्या गोष्टी चोरल्या गेल्या तरी सिद्ध करणं कठीण. त्या गुपित ठेवणंच बरं. आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही, सगळी भिस्त करारावर आणि तुमच्या कपाटाच्या कुलपावर असते.

तपासा : ‘आमच्याकडे आधीपासून काय होतं’ याची तारीखवार यादी केली का? स्वतःला ईमेल करून ठेवली तरी चालेल. काम संपल्यावर ‘हे कोणी शोधलं’ असा वाद निघतो, तेव्हा कामाला येणारा कागद हाच.

टप्पा 5 : आधी छोटं काम, पैसे देऊन

वर्षाचा प्रकल्प थेट सुरू करू नका. सहा ते आठ आठवड्यांचं, एकाच प्रश्नाचं, मोबदला देऊन केलेलं काम द्या. फाउंड्रीच्या उदाहरणात प्रश्न असा : ‘हा वायू वाळूतून येतो की कोअरमधून, हे पुराव्यासह सांगा.’ उपाय अजून मागू नका.

पैसे का द्यायचे? फुकटच्या कामाला तारीख नसते. प्राध्यापकांचं परीक्षेचं काम आलं की तुमचं मागे जातं आणि तुम्हाला बोलायला तोंड राहत नाही. सल्ल्याचं काम संस्थेच्या नावे, रीतसर बिलाने करा. संस्था त्यातला वाटा ठेवते आणि वर जीएसटी लागतो, तो हिशेबात धरा. प्राध्यापकाच्या हातात परस्पर रोख ठेवली तर संस्थेची प्रयोगशाळा वापरायचा हक्क तुम्हाला राहत नाही आणि वाद झाला तर कागदही राहत नाही.

या छोट्या कामात उत्तराबरोबर माणूसही पारखा. फोनला किती दिवसांत उत्तर येतं? भट्टीजवळ उभा राहतो का, की ऑफिसमध्येच बसतो? ‘हे मला माहीत नाही’ असं एकदा तरी म्हणतो का? न म्हणणाऱ्यापासून जपून राहा.

तुमचीही परीक्षा असते. ठरल्या दिवशी नमुने गेले का, त्यांच्या माणसाला हीट बघायला बोलावून दोन तास गेटवर बसवलं नाही ना? कॉलेजांकडे विचारून पाहा, ‘कारखानदार माहितीच देत नाहीत’ हीच पहिली तक्रार ऐकू येते.

टप्पा 6 : करार, सहा कलमं नीट

छोटं काम जमलं, मगच मोठा करार. सामंजस्य करारात बहुधा सदिच्छा असतात. कोणी काय केव्हा द्यायचं हे त्यात नसतं, म्हणून त्याच्यावर विसंबू नका. करार वकिलाकडून करून घ्याच, पण पुढची सहा कलमं स्वतः वाचा.

मालकी. ‘दोघांची संयुक्त’ असं लिहून विषय संपवण्याचा मोह होतो. पेटंट कायदा 1970 च्या कलम 50 नुसार वेगळं काही ठरलेलं नसेल तर सहमालकांचा वाटा समान असतो. प्रत्येकजण स्वतःपुरतं ते वापरू शकतो आणि दुसऱ्याला हिशेब देणं लागत नाही, मात्र परवाना देताना किंवा आपला वाटा विकताना दुसऱ्याची संमती लागते. याचा अर्थ नीट घ्या. सहमालक कॉलेज असेल तर ते स्वतः उत्पादन करत नाही, पण तुम्हाला शेजारच्या युनिटला परवाना द्यायचा तर त्यांच्या समितीची वाट बघावी लागेल. सहमालक दुसरी फाउंड्री असेल तर ती उद्यापासून तोच माल काढू शकते, तुम्हाला एक पैसा न देता. माझं मत विचाराल तर लहान कारखान्याने पेटंटच्या मालकीवरून अडून बसू नये. आपल्या उत्पादनापुरता, आपल्या क्षेत्रात एकट्यालाच वापरायचा हक्क लिहून घ्यावा. कामाचं तेवढंच असतं.

सॉफ्टवेअर, डिझाइन, ड्रॉइंग. बाहेरच्या फ्रीलान्सरने पैसे घेऊन लिहिलेला कोड आपोआप तुमचा होत नाही. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं. बाहेरच्याने केलेल्या कामाचे हक्क लेखी हस्तांतरित करून घ्यावे लागतात. त्यातही मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहा. निर्यात करणाऱ्यांनी तर नक्कीच.

प्रसिद्धी. प्राध्यापकांना शोधनिबंध लागतात, त्यांच्या बढतीचा प्रश्न असतो. ‘काहीही छापायचं नाही’ हे कलम टिकत नाही, टिकलं तरी कामातला रस जातो. त्याऐवजी मजकूर छापण्याआधी तुम्हाला ठरावीक दिवस दाखवायचा, तुम्ही नेमके आकडे आणि मिश्रण वगळायला सांगू शकाल आणि पेटंटचा अर्ज आधी जाईल, असं ठरवा.

पैसे. हप्ते तारखेला बांधू नका, कामाला बांधा. आणि वेळेवर द्या. समोरचा सल्लागार किंवा स्टार्टअप सरकारच्या ‘उद्यम’ नोंदणीखाली सूक्ष्म वा लघु म्हणून नोंदलेला असेल तर लेखी करार असताना कमाल मुदत 45 दिवसांची आहे, करार नसेल तर 15 दिवसांची. उशीर झाला तर व्याज लागतं आणि आयकरात खर्चाची वजावटही अडते.

कच्च्या नोंदी. अंतिम अहवालाबरोबर मोजमापांच्या मूळ फाइल आणि उरलेले नमुने तुमच्याकडे येतील असं लिहा. अहवालातला आलेख बघून पुढचा माणूस काम चालू करू शकत नाही.

बाहेर पडणं. कोणी मधेच थांबलं तर तोवर झालेलं कोणाकडे राहणार, किती पैसे द्यायचे? ‘प्रकल्पानंतर पाच वर्षं याच क्षेत्रात दुसऱ्या कोणाबरोबर काम करायचं नाही’ असं कलम घालायची फॅशन आहे. करार कायदा 1872 च्या कलम 27 पुढे ते सहसा टिकत नाही. त्यापेक्षा गोपनीयतेचं कलम घट्ट करा.

थांबा : अनुदान मिळेल या गणितावर करार करू नका. योजना बदलतात, पैसे बहुधा खर्च झाल्यानंतर येतात. अनुदानाशिवाय काम परवडत नसेल तर कामाचा आकार कमी करा.

टप्पा 7 : शॉपफ्लोअरवरची चाचणी

प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट कारखान्यात फसते ती बहुतेक या टप्प्यात, आणि कारणं क्वचितच तांत्रिक असतात.

कारखान्याच्या बाजूने एकच माणूस जबाबदार ठेवा. मालक नको, त्याला वेळ नसतो. फोरमनही एकटा नको, कारण डिलिव्हरी अडली की तो पहिला चाचणीच थांबवणार. दुसऱ्या क्रमांकाचा सुपरवायझर घ्या आणि त्याचे आठवड्याचे ठरावीक तास लेखी मोकळे करा.

मजुरीचा प्रश्न आधी सोडवा. मोल्डर नगावर मजुरी घेत असेल तर चाचणीच्या दिवशी त्याचे नग कमी होतात, म्हणजे तुमच्या प्रयोगाचा खर्च तो स्वतःच्या खिशातून देतो. मग तो जुन्या पद्धतीने साचा भरतो आणि नवी पद्धत ‘चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो. चाचणीच्या दिवसांची मजुरी मागच्या सरासरीप्रमाणे द्या आणि हे आदल्या दिवशी सांगा.

ग्राहकाला कळवा. वाहन उद्योगाच्या पुरवठ्यात प्रक्रिया बदलली की आधी सूचना आणि मंजुरी लागते. बाइंडर बदलून गुपचूप माल पाठवलात आणि पुढे काही निघालं तर चांगला माल असूनही तुम्ही दोषी ठरता. चाचणीचा लॉट वेगळ्या रंगाने खुणावा, मंजुरीशिवाय तो डिस्पॅचला जाता कामा नये.

एका वेळी एकच बदल करा. वाळूचा ओलावा कमी केला, कोअर बदलला आणि ओतण्याचं तापमानही वाढवलं, तर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही. घाई असेल आणि दोन-तीन बदल एकत्र तपासायचेच असतील तर प्रयोगाची आखणी प्राध्यापकाकडून कागदावर करून घ्या. त्यासाठी रीतसर पद्धती आहेत.

नगांची संख्या हा सगळ्यात फसवा मुद्दा. नेहमीचं रिजेक्शन 8 टक्के असेल तर 50 नगांत सरासरी चार बाद जातात. चाचणीच्या 50 नगांत एकच बाद गेला की पेढे वाटले जातात. पण काहीही न बदलता 50 नगांत एक किंवा शून्य बाद येण्याची शक्यता शंभरात आठच्या आसपास असते. शिवाय दोष एकेका हीटमध्ये घोळक्याने येतात, त्यामुळे एखादी चांगली हीट लागली तर फसगत आणखी सोपी. निदान 500 नग, वेगवेगळ्या हीटचे, दोन्ही शिफ्टचे, वेगवेगळ्या मोल्डरचे घ्या. त्याच दिवसांत जुन्या पद्धतीने केलेले नगही मोजा, म्हणजे वाळू किंवा स्क्रॅपचा लॉट बदलल्याचा परिणाम वेगळा काढता येईल.

आणि पाऊस. फेब्रुवारीत पास झालेली वाळूची पद्धत जुलैत कोल्हापुरात पास होईलच असं नाही. तीन महिन्यांच्या उन्हाळी आकड्यांवर अंतिम हप्ता देऊ नका. एक हिस्सा ऑगस्टअखेरपर्यंत राखून ठेवा, आणि हे टप्पा 6 च्या करारातच लिहा.

तपासा : थांबण्याचा नियम ठरला का? उदाहरणार्थ, सलग तीन हीटमध्ये रिजेक्शन 12 टक्क्यांवर गेलं तर चाचणी थांबेल आणि जुनी पद्धत चालू होईल. नियम आधी लिहिलेला नसेल तर पहिल्या वाईट दिवशी चाचणी कायमची बंद होते, किंवा हट्टापायी चालूच राहते.

टप्पा 8 : निकाल आणि हस्तांतर

निकालाच्या बैठकीला टप्पा 1 चं पान टेबलावर ठेवा. 4 टक्के ठरले होते, किती आले? पर्याय तीनच : पद्धत लावायची, ठरावीक मुदत वाढवून पुन्हा तपासायची, किंवा बंद करायची. ‘बघू पुढे’ हा निकाल नव्हे. बंद केलं तर का, हे अर्ध्या पानावर लिहून फाइलला लावा. दोन वर्षांनी नवा व्यवस्थापक तीच कल्पना घेऊन येतो, तेव्हा ते अर्धं पान मोठा खर्च वाचवतं.

पद्धत लावायची ठरली तर इंग्रजी अहवाल शॉपफ्लोअरवर चिकटवून भागत नाही. कामाच्या जागी एक पान, मराठीत, आणि परप्रांतातले कामगार असतील तर हिंदीतही. त्यात तीन-चार आकडे आणि ते मोजायचे कसे, कोणी, किती वेळाने, एवढंच. ओलावा मोजायचं यंत्र बिघडलं तर काय करायचं हेही त्याच पानावर. हे पान प्राध्यापकाने लिहू नये. चाचणी केलेल्या मोल्डरने सांगावं आणि सुपरवायझरने लिहावं, प्राध्यापकाने फक्त तपासावं.

बाहेरच्या माणसाचं येणं एकदम तोडू नका. पुढचे सहा महिने महिन्याला एक भेट ठेवा, तिचे पैसे करारात आधीच धरा. नवी पद्धत घसरते ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, ज्याला शिकवलं तो सोडून गेल्यावर किंवा स्वस्त वाळूचा ट्रक आल्यावर.

फाइलमध्ये हे असू द्या : टप्पा 1 चं पान, आधीपासूनच्या ज्ञानाची यादी, सगळ्या सह्यांचे करार, कच्च्या नोंदी, निकालाचं पान, ग्राहकाची मंजुरी, पेटंट अर्ज केला असेल तर त्याच्या मुदती. एक प्रत कारखान्यात, एक बाहेर. खरेदी विभागालाही त्यातलं एक पान द्या, ज्यावर कुठला कच्चा माल विचारल्याशिवाय बदलायचा नाही ते ठळक लिहिलेलं असेल.